नदी आणि बारा नंबर

"मग खारूताई नदीकाठी आली," चारुता माईकवर म्हणाली, "आणि नदी म्हणाली, हाँ भैया, बारह नंबर की ड्रिप? आ रही हूँ, बस दो मिनट!"

मंडळाच्या गणेशोत्सवात एवढा हशा मी तरी कधी ऐकला नव्हता. माझी सहा वर्षांची लेक जराही बावरली नाही. उरलेली गोष्ट तिने त्याच झोकात संपवली, शेवटच्या "ठेवते हं सोन्या" सकट.

झाशीत आमच्या सात पिढ्या गेल्या, पण मराठी आता देवघरापुरतीच उरली आहे. लेकीने एक तरी गोष्ट मराठीत सांगावी, हा माझ्या बायकोचा, नीरजाचा हट्ट. ती इस्पितळात नर्स, मी कारखान्यात पाळ्यांवर. सवड मिळेल तशी ती वॉर्डातूनच गोष्टीचा तुकडा फोनवर रेकॉर्ड करून पाठवायची. मी तो लावून फोन चारुताच्या हातात द्यायचो आणि कुकर लावायला पळायचो. एकदासुद्धा ऐकला नाही, त्यामुळे मध्येच बारा नंबरच्या खाटेला दिलेलं उत्तरही त्यात गेलंय, हे कळलंच नाही. बाप म्हणून माझी अक्कल एवढीच. त्यात आमच्या घरी निम्मं बोलणं हिंदीतच, मग नदीही हिंदीत बोलली तर पोरीला नवल का वाटावं?

नीरजा मागे उभी होती, मुद्दाम ड्यूटी बदलून आलेली. ती हसली नाही.

"अगं, उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं की!" सीपरी बाजारच्या गर्दीतून स्कूटर काढत मी म्हणालो.

"मुकुल, तिला मी अशीच माहीत आहे," ती म्हणाली. "जाता जाता."

मी स्कूटर घराकडे वळवली.

रविवारी दुपारी तिने फोन बंद करून कपाटात ठेवला, चारुताला मांडीवर घेतलं आणि गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. मीही स्वयंपाक सोडून दाराशी बसलो. किती छान सांगते ही, असं वाटत राहिलं. खारूताई नदीकाठी आली.

चारुता मांडीवरून उतरली. बाहेर जाऊन तिने आईच्या चपला आणल्या आणि नीट जोडून तिच्या पायांशी ठेवल्या.

"बारह नंबरवाले बुला रहे होंगे," ती समजुतीने म्हणाली. "जा, आई. मैं बैठी हूँ ना."