न्यूट्रॉनचं आयुष्य आणि काकूंचा आकडा

अणूच्या केंद्रात असतो तोवर न्यूट्रॉन सुखात असतो. तिथलं प्रबळ बल सगळ्यांना गच्च धरून ठेवतं. आत कितीही धुसफूस असो, घर सोडून कुणी जात नाही. एकटा बाहेर पडला की मात्र दुर्बल बल त्याला गाठतं आणि पाव तासाच्या आत-बाहेर त्याचा निकाल लावतं. नेमका कधी, यावरून शास्त्रज्ञांचे दोन गट आहेत. बाटलीत कोंडून मोजणाऱ्यांचं उत्तर थोडं कमी येतं, झोतात मोजणाऱ्यांचं थोडं जास्त. परिषदेत ते एकमेकांना नमस्कार करतात, तोही नाइलाजाने.

एका प्रयोगशाळेने तिसऱ्याच पद्धतीने मोजलं होतं. हवं ते उत्तर दिसलं की विद्वानसुद्धा चुका शोधायचं थांबवतात, म्हणून तिथल्या प्रमुख सरांनी संगणकातल्या उत्तरात एक गुप्त आकडा मिसळून घेतला होता. काम पक्कं झालं की तो वजा करायचा, मग खरं उत्तर.

दुपारी पैसे मंजूर करणारी समिती येणार होती. तोवर उत्तर हातात नसेल तर गटातल्या सर्वांत लहान संशोधिकेची, धाकटीची, नोकरी या महिन्यात संपणार होती.

"सर, आकडा?" धाकटीने विचारलं.

"मला ठाऊक नाही. आकडा घरी आमच्या हिने निवडला, टाइपही हिनेच केला. माझा माझ्यावर विश्वास नाही."

"आमचाही नाही," यंत्र सांभाळणारे दादा म्हणाले.

सरांनी घरी फोन लावला. "अगं, तो आकडा सांग."

"तुम्हीच बजावलं होतंत," काकू म्हणाल्या, "मी पाया पडलो तरी सांगू नकोस. काम पक्कं झालंय का?"

"झालंय, काकू!" धाकटी ओरडली.

दादा पुटपुटले, "उत्तर फारच कमी आलं, तर यंत्राच्या भिंतींच्या तापमानाचं एकदा बघू."

"कोण ते? आणि जास्त आलं तर नाही बघणार वाटतं? आधी बघा, मग फोन करा." फोन बंद.

"झालं समाधान?" धाकटी दादांवर खेकसली. "आता बसा माझ्याबरोबर."

बसले. एका भिंतीचं तापमान दोनदा धरलं गेलं होतं. दादा अचानक चष्मा पुसू लागले. दुरुस्ती झाली, पुन्हा फोन गेला, काकूंनी आकडा सांगितला. वजाबाकी झाली.

उत्तर दोन्ही गटांच्या बरोबर मधोमध पडलं.

"म्हणजे आपण कुणाच्याच बाजूचे नाही," सर खचून खुर्चीत बसले. "आता दोघेही जेवायला बोलावणार नाहीत."

समितीच्या अध्यक्षांनी आलेख उलटासुलटा करून पाहिला. समितीत दोन्ही गटांचे लोक होते आणि पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं: हे उत्तर चूक असणार.

"पण चूक कुठे आहे ते तर कळायला हवं," अध्यक्ष गंभीरपणे म्हणाले. "या बाईंना अजून तीन वर्षं ठेवा. पुन्हा मोजू द्या."

धाकटीने सरांच्या कानाशी विचारलं, "सर, आता चेहरा कसा करू?"

"काळजीचा," सर म्हणाले. "अजून सह्या व्हायच्यात."