सातव्या किनाऱ्यावरचा ग्यानबा

मी समुद्र बोलून राह्यलो. सरकू नका, तुमी भिजनार नाई. मी मांजरपाटाचा रंगवेल पडदा हावो. बारा फूट रुंद, नऊ फूट उंच, अन् वरून एक बांबू.

माहा जन्म मेडशीजवळच्या मालेगावात झाला, मांगीलाल शेठच्या कापडदुकानामागच्या खोलीत. शेठनं तिथं फोटोचा धंदा टाकला होता. फोटोत मागं काईतरी पायजे म्हनून त्यानं साडूकडून एक पुस्तक आनलं. मालवन नावाचं मच्छीमारांचं गाव, अन् त्याच्या आजूबाजूचे पाहन्यासारखे किनारे, असं ते पुस्तक होतं. ते मदनसिंग पेंटरच्या हातात देऊन शेठ म्हने, "यातला एक चांगला किनारा रंगव."

मदनसिंगनं तोवर दुकानाच्या पाट्या अन् पोळ्याले बैलांची शिंगं, एवढंच रंगवलं होतं. समुद्र त्यानं पाह्यला नोयता. कोनीच पाह्यला नोयता. चांगला कोनता, हे त्याले ठरवता येईना, म्हनून त्यानं सातही रंगवले. निवती, भोगवे, देवबाग, तारकर्ली, चिवला, तोंडवळी, आचरा. कोनता कुठं, हे न पाहता एकाखाली एक रचले, अन् वावरासारखे मधात धुरे घातले. इकडं दोन जमिनींच्या मधात धुरा नसला त भांडन होते.

पुस्तकातले फोटो काळे-पांढरे. मदनसिंगनं इचारलं, "शेठजी, समुद्राचा रंग कोनता?"

"पान्याचाच असन ना, बापा."

मदनसिंग तळ्यावर जाऊन पाहून आला. म्हनून मी चहाच्या रंगाचा हावो. होड्या त्यानं चाकं काढलेल्या बैलगाडीसारख्या केल्या. पुढं जू ठेवलं. लागलं त असू द्या म्हने.

तरी लोक खुश होते. शेठ छडी लावून इचारे, "बोला, कोन्या किनाऱ्यावर उभं राहता?" तारकर्ली मांगनाऱ्याले तो स्टुलावर चढवे. म्हातारे आचरा मांगत. तो सगळ्यात खाली होता, चढाव नोयता.

मंग बहात्तरचं साल आलं. विहिरी आटल्या. तळं आटलं. लोक फोटो काढायले येत नोयते, पन येऊन माह्यापुढं बसत. नुसतं पाहत. एक म्हातारा म्हने, "लय पानी हाये, पन गढूळ हाये." माह्यात थेंब नोयता. अशा टायमाले समुद्र असनं काय असते, ते कोनाले सांगू?

त्याच सालात मेडशीची वच्छला आली. दुष्काळी कामावर खडी फोडत होती, हाताले चिंध्या बांधेल होत्या. पायात गड्यामानसाच्या मोठ्या चपला, चालली की फटफट वाजत. तिच्याजवळ एक कार्ड होतं. ते तिनं शेठपुढं धरलं.

"शेठजी, वाचा बरं."

शेठनं वाचलं. "समुद्राच्या काठी पोचलो. मच्छीमाराचं गाव हाये. पानी लय हाये. ग्यानबा."

"माहा मानूस हाये," ती म्हने. "मुकादमासंगं कामाले गेला. चार महिने झाले, एकच चिठ्ठी. तुमच्याइथं समुद्र हाये म्हनतात. तो यातल्या कोन्या काठावर हाये?"

शेठले कापड मोजायचं होतं. त्यानं छडी उचलली, वरच्या निवतीवर एक काळा ठिपका होता, त्याले टेकवली. "हा पाय. हाच असन."

तो ठिपका माशीनं करेल होता. मले मालूम होतं, पन मले कोन इचारते?

वच्छला ठिपक्याकडं लय वेळ पाहत राह्यली. मंग म्हने, "किती वाळला."

पुढच्या आठवडी बाजाराले ती पुन्हा आली. मदनसिंग तिथंच पाटी लिहून राह्यला होता. ती त्याले म्हने, "पेंटरभाऊ, याले एवढा दूर कायले ठेवला? जराक जवय आना ना."

"वहिनी, ते चित्र हाये."

"मले समजते ते. आना."

ती रडली असती त शेठनं हाकललं असतं. ती रडत नोयती. खाली बसली अन् उठेचना. शेवटी मदनसिंगनं निवतीवरचा ठिपका पुसला अन् धुऱ्याच्या अलीकडं, भोगव्यावर, हरबऱ्याएवढा मानूस काढला. ती उठून गेली.

मंग हे दर बाजाराले सुरू झालं. ग्यानबा एक धुरा ओलांडे. जवळ आला की मोठा काढा लागे, मोठा झाला की तोंड लागे.

"डावा कान फाटेल हाये," वच्छला सांगे. "बैलाचं शिंग लागलं होतं. हां. सदऱ्याले दोनच गुंड्या. तिसरी कायले लावली? खोटं नोका दाखवू."

"पायात काय, वहिनी?"

"काई नाई. चपला मले ठेवून गेला. म्हने, तू खडीवर चालशीन, मी रेतीवर."

मदनसिंगनं पाय उघडे काढले. तारकर्लीवर ग्यानबा वीतभर होता, चिवल्यावर हातभर. सातव्या बाजाराले तो आचऱ्यावर आला, पुऱ्या मानसाएवढा. उजवा पाय उचलेल, आता टाकन असा. अन् त्या पायाखाली कापड संपलं.

मदनसिंगनं ब्रश खाली ठेवला. "वहिनी, आता पुढं जागा नाई."

"मंग त्याले उतरवा," वच्छला म्हने.

शेठ गल्ल्यावर नोयता तरी गल्ल्याकडं पाहू लागला. मी जीव तोडून ताठ झालो, बांबूही करकरला. पन मी कापड हावो. माह्याच्यानं मानूस निघत नाई. त्या दिवशी ती दुकान बंद होइस्तोवर बसली. पुढच्या बाजाराले बी बसली. त्याच्या पुढच्या बी. भाकर आने, अर्धी खाये, अर्धी त्याच्यापुढं ठेवे. उंदरं नेत. ती म्हने, "खाल्ली वाटते."

इकडं शेठचा धंदा बसला. कोनाचाही फोटो काढा, मागं ग्यानबा. मंगरूळपीरचं एक वऱ्हाड आलं. नवरदेवाचा बाप फोटो पाहून भडकला. "शेठ, हा फाटक्या कानाचा कोन घुसवला आमच्यात?"

"नवरीचा मामा असन," शेठ म्हने.

नवरीकडच्यांले वाटलं, नवरदेवाचा काका. फोटो तसाच गेला.

त्याले एक महिना झाला असन. बाजाराचा दिवस होता, वच्छला माह्यापुढं बसेल होती. दारात एक मानूस आला. काखेत काचेची फ्रेम. डावा कान फाटेल.

तो शेठले म्हने, "मी मंगरुळात हॉटेलात कपबशा धुतो. मालकाच्या पोराचं लगन झालं, त्याचा हा फोटो भिंतीवर टांगला. त्यात मी हावो. मालकाले वळखू आलं नाई, कपबशा धुनाऱ्याचं तोंड कोन पाहते? मी त लग्नात नोयतो. अन् समुद्रावर त मी कधीच..."

बोलता बोलता त्यानं मले पाह्यलं. मंग माह्यातल्या त्याले पाह्यलं. मंग वच्छलेले.

ती उठली नाई. "तुमी समुद्राले गेले होते ना?"

"मंगरुळात ताप आला. मुकादम सोडून गेला." ग्यानबा फ्रेमच्या काचेवरून हात फिरवत होता. "गावात सांगून निघालो होतो, पान्याच्या मुलखात चाललो म्हनून. कोन्या तोंडानं वापस येऊ?"

"अन् कार्ड?"

"हॉटेलातच लिहून घेतलं."

मेडशीहून मंगरूळ काई समुद्रापार नाई. एस्टीनं सकाळी निघालं त दुपारची भाकर घरी खाता येते. वच्छला उठली, एकदा दारातल्याकडं पाह्यलं, एकदा माह्यातल्याकडं.

"तुमी मंगरुळात बसले होते," ती म्हने, "त मंग हा कोन चालत आला?"

शेठ आढ्याकडं पाहत होता. मदनसिंगनं कोरडा ब्रश पुन्हा धुतला.

वच्छलेनं पायातल्या चपला काढल्या अन् माह्या खालच्या काठाशी, त्या उचलेल्या पायासमोर, जोडीनं ठेवल्या. "याचे पाय भाजले असतीन," म्हने. मंग नवऱ्याले म्हने, "चला. गाडी जाईन."

दारात ग्यानबानं आपली रबरी चप्पल काढून तिच्यापुढं केली. तिनं घातली नाई. त्यानं बी पुन्हा घातली नाई. चप्पल उंबऱ्यातच राह्यली, अन् दोघंही भर उन्हात अनवानी गेले.

शेठनं मंग बगिच्याचा नवा पडदा आनला. मले आंगनात तुरीच्या ढिगावर टाकलं. त्याले आता सहा सालं झाली. माहा रंग वरून पोपडे धरून चालला. निवती गेली, भोगवे गेलं, देवबाग गेलं. तारकर्लीवर आता नुसतं एक जू हाये. ग्यानबाले वापस पाठवायचं म्हटलं तरी मागं किनाराच उरला नाई. आचरा तेवढा बाकी हाये, अन् त्यावर तो, एक पाय वर करून.

चपला शेठनं फेकल्या नाई. माह्या बांबूले बांधून ठेवल्या. काहून, ते त्यालेही सांगता येत नाई.

तुमी मालेगावाले आले त एक काम करा. मालवन पाहा, नोका पाहू, तुमची मर्जी. माह्या खालच्या काठाले हातभर मांजरपाट शिवून द्या. रंगवू नका. पानी नोका काढू. नुसतं शिवा. त्याले पाय टेकवायचा हाये.