बंदीतलं जाळं

पावसाळ्यात, माशांच्या विणीचे दोन महिने, धरणावरची मासेमारी बंद असते. मोर्शीच्या मच्छीमार संस्थेनं त्या वर्षी राखणीचं काम नत्थुजी भोयाला दिलं, कारण तो एकटा होता. कौशल्या वारून दोन वर्षं झाली होती, लेक धामणगावला नांदत होती. घरी कुणी वाट पाहणारं नसलेला माणूस धरणाकाठच्या टिनाच्या खोलीत राहू शकतो, असं सगळ्यांना वाटलं. त्यालाही वाटलं.

पहिले पंधरा दिवस शफीक येत राहिला. दोघांनी एकाच डोंग्यात अठ्ठावीस वर्षं काढली होती. शफीक वल्हवायचा, नत्थुजी जाळं टाकायचा. बंदीत काम नसलं तरी शफीक सायकलनं यायचा, बायकोनं, हलीमाबीनं, बांधून दिलेल्या भाकरी सोडायचा, आणि दोघं पाण्याकडे पाहत बसायचे. मग तो येईनासा झाला. तुबाच्या, म्हणजे त्याच्या लेकीच्या, सोयरिकीची धावपळ असेल, असं नत्थुजीनं मानलं.

एका सकाळी काठानं फिरताना त्याला बुडालेल्या बाभळींमध्ये जाळं लावलेलं दिसलं. करंगळीही शिरणार नाही इतकं बारीक. असलं जाळं तर बाराही महिने बंद. कमरेएवढ्या पाण्यात उतरून त्यानं ते ओढलं. आत कटल्याच्या दोन माद्या होत्या, पोटं अंड्यांनी तटतटलेली. एक मेली होती. दुसरी त्यानं हातात धरून पाण्यात हलवत ठेवली, कल्ले चालू झाले तशी सोडून दिली. मग जाळं गुंडाळताना त्याचा हात थांबला. दोरीची गाठ डावखुरी होती. त्या धरणावर डाव्या हातानं गाठ मारणारा एकच माणूस होता.

दिवसभर ते जाळं खाटेखाली राहिलं. जाळून टाकावं असं दोनदा मनात आलं. दुसऱ्या दिवशी तो संस्थेत गेला. अध्यक्ष केशवरावांनी जाळं पाहिलं आणि कोणाचं ते विचारलं. माहीत नाही म्हणणं सोपं होतं. नत्थुजीनं नाव सांगितलं.

शफीकला येत्या हंगामात धरणावर उतरायची मनाई झाली. तिसऱ्या दिवशी तो आला. सायकल उभी केली, पण खोलीत आला नाही.

"तुबाले पाहाले पाहुणे येनार होते," तो म्हणाला. "धरनावरच्या मानसाच्या घरी मासोळी नाई, असं कसं चालीन?"

"मले सांगतलं काहून नाई?"

"सांगतलं असतं तं तू नाई म्हनला असता."

ते खरं होतं. नत्थुजी म्हणाला, "तुह्यासाठी खोटं बोललो असतो, तं उद्या दुसऱ्याचं जाळं कोन्या तोंडानं उचलू?"

"बराबर केलं तू." शफीकच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. "पन आता तुह्यासंगं डोंग्यात बसनं माह्याच्यानं होनार नाई."

बंदीचा उरलेला महिना नत्थुजीकडे कोणी आलं नाही. बंदी उठली तेव्हा संस्थेनं जोडीला माणूस देऊ केला, त्यानं नको म्हटलं. वल्हं खाली ठेवून जाळं टाकायला उठलं की डोंगा आपसूक फिरायचा, आणि जाळं भलतीकडे पडायचं. हळूहळू तेही जमलं.

तुबाच्या लग्नाचं बोलावणं हलीमाबीनं स्वतः येऊन दिलं. नत्थुजी गेला. शफीकनं त्याच्या ताटात स्वतःच्या हातानं वाढलं, आणखी घे म्हणाला, शेजारी मात्र बसला नाही.

मनाईची मुदत संपल्यावर शफीक धरणावर परतला, संस्थेत नव्यानं आलेल्या कुलदीपच्या डोंग्यात. भर पाण्यात डोंगे जवळून गेले की तो मान हलवायचा, नत्थुजीही हलवायचा. बुडालेल्या विहिरीपाशी पाणी खोल आहे. वर्षानुवर्षं दोघांनी तिथंच जाळं टाकलं होतं, म्हणून ती त्यांचीच जागा मानून इतर कोणी तिथं जात नसे. आता शफीक तिकडे फिरकत नव्हता, आणि नत्थुजीचंही वल्हं तिकडे वळत नव्हतं. जागा तशीच पडून राहिली.

एकदा काठावर कुलदीपनं नत्थुजीला विचारलं, तिथं एवढे मोठे मासे उसळताना दिसतात, कोणी जाळं का टाकत नाही?

"तिथं जाळं अटकते," नत्थुजी म्हणाला, आणि एकट्यानं डोंगा पाण्यात लोटू लागला.