आदेशानुसार व नावाने

भगवानने प्लास्टिकच्या पिशवीतून जुना कागद काढला, मांडीवर सपाट केला आणि मगच नाथनच्या टेबलावर ठेवला.

"उद्या राज्यपाल येनार हायेत पनवेलला, कॉलेजच्या कार्यक्रमाला. दोन मिनटं भेट मिलाली हाय मना. अर्ज तुमीच लिवा, साहेब."

मुंबईत तीस वर्षं मंत्रालयात खर्डेघाशी करून निवृत्त झालेल्या नाथनच्या अर्जांना पनवेलात मान होता. बायको गेली, मुलगी इस्रायलला गेली. उरली ती भाषा. 'सविनय सादर'पासून 'आपला विश्वासू'पर्यंत एक वेलांटी चुकायची नाही. त्याचा त्याला गर्व होता. दुसरं होतं काय त्याच्याकडे?

"विषय?"

"आमचं खलं, बेलपाड्याचं. आठ गुंठे. शेत गेलं, त्याचं काय नाय. पन खल्यावर काय बांधलं त्यांनी? नुसतं कुंपन घातलं. भामा रोज तारेच्या भाईर उभी असते. मरायच्या आदी एकदा तिथं भात झोडायचाय बोलते."

भामा त्याची बायको. नवं शहर वसवायला शेतं गेली, तेव्हा निदान खळं वगळा म्हणून भगवानने सरकारकडे हात जोडले होते. टेबलावरचा कागद हा त्या मागणीच्या नामंजुरीचा आदेश होता.

"त्या राज्यपालानं खलं सोताच्या नावानं करून घेतलं. ह्ये बगा, लिवलंय."

नाथनला हसू आलं. शेवटी ती ओळ होतीच: महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने.

"भगवानदादा, नावाने म्हणजे नावावर नव्हे. सरकारचा प्रत्येक आदेश राज्यपालांच्या नावाने निघतो. इंग्रज गेले, गव्हर्नरचा राज्यपाल झाला, पद्धत तीच राहिली. त्यांनी तुमचा कागद पाहिलासुद्धा नसणार."

भगवानचा चेहरा उतरला. नव्या राज्यपालाचा शपथविधी झाला की याचा अर्ज टपालात पडायचा. एक फौजी होता, एक वकील, एक बाई. सगळ्यांना विनवलं, आणि आदेशाच्या वेळच्या त्या पहिल्याला इतकी वर्षं उगाच शिव्या घातल्या.

"मंग ही सही कोनाची?"

नाथनने चष्मा पुसला. 'कक्ष अधिकारी' या शब्दांच्या वर एक वळसा होता आणि त्याखाली दोन टिंबं. तो वळसा त्याने आयुष्यभर घातला होता. जेवणाच्या सुट्टीआधी चाळीस कागद हातावेगळे करायचे असत. कुणाचं खळं, कुणाची विहीर, वाचतो कोण! निर्णय वरून यायचा, तो फक्त भाषा तपासायचा. या कागदातही एक चूक नव्हती. त्याला स्वतःची किळस आली.

"असेल कुणीतरी अधिकारी," तो म्हणाला.

"त्यानं तरी वाचला असंल ना?"

नाथनने आदेश बाजूला सारला. कोरा कागद ओढून तो लिहू लागला. खळे परत मिळण्याबाबतची विनंती दोन परिच्छेदांत नीट बसली.

"आजून एक लिवा," भगवान म्हणाला. "ज्यानं सही केली त्याला मी माफ केलं नाय."

"अर्जात असं लिहीत नाहीत. राज्यपालांचा त्यात काय संबंध?"

"त्यांच्याच नावानं केली ना सही? मंग त्यांना कलू दे."

नाथनचं पेन थांबलं. सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. पण उद्यापासून या दारात अर्ज घेऊन कोण आलं असतं? तो भ्याला. मग त्याने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'सदर आदेशावर स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्यास अर्जदाराने क्षमा केलेली नाही.'

"वाचा बगू."

नाथनने वाचलं. भगवानचे डोळे भरून आले.

"किती बेस लिवता तुमी, साहेब. मना ह्ये कदी बोलताच आलं नाय. पुन्ना वाचा."

नाथनने पुन्हा वाचलं.