सहा मिनिटांचा थांबा

शिंप्याची बायको रेल्वेचं इंजिन चालवायची, आणि या गोष्टीचा शिंप्याला एवढा अभिमान होता की गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप घेता घेता तो विषय निघायचाच. कोटाला दोन बटणं लावू की तीन, एवढं विचारायला आलेला माणूस घाटात ब्रेक कुठे लावायचा हे शिकून घरी जायचा.

लेक झाली आणि बायकोने सात महिने रजा घेतली. लेकीला पाळण्यात ठेवलं तर ती पाळण्याच्या कडेवर, मांडीवर घेतलं तर मांडीवरून खाली. तिचं नाव भिंगरी पडलं. कागदावर दुसरं नाव होतं, ते कागदावरच राहिलं.

रजा संपत आली तसा घरात एकच विषय उरला. भिंगरी बाटली तोंडाला लावून घेईना. आईचं दूध आईकडूनच प्यायचं, हा तिचा बाणा. तेच दूध बाटलीत भरलं की तोंड घट्ट मिटायचं, मान फिरवायची आणि बाटली आणणाऱ्याकडे अशा नजरेनं बघायचं, जणू त्याने तिला विष देऊ केलंय. लांब बोंडाच्या, आखूड बोंडाच्या, वाकड्या मानेच्या अशा नऊ बाटल्या झाल्या. चमचा झाला, वाटी झाली. कुस्करलेलं गाजर तेवढं दोन घास खायची आणि तिसरा बापाच्या शर्टावर उडवायची.

"भूक लागली की घेईल झक मारत," शिंप्याची आई म्हणाली. "तूही असाच होतास."

म्हणून रजा संपायच्या आधी एकदा रंगीत तालीम झाली. बायको पाच तास मैत्रिणीकडे जाऊन बसली. भिंगरीने झक मारली नाही. तिने अशी काही रडारड केली की वरच्या मजल्यावरचे, खालच्या मजल्यावरचे आणि समोरच्या पाव भाजणाऱ्या दुकानातले लोक चौकशीला येऊन गेले. पाचव्या तासाला आजीनेच शस्त्रं खाली ठेवली. "नाही बाबा. हे पाणी वेगळं आहे."

त्या संध्याकाळी बायको ड्युटीचा तक्ता पुढे घेऊन बसली. सोमवारी सकाळी आठ दहाची गाडी. सव्वादोन तासांचा रस्ता, शेवटच्या स्टेशनात अर्ध्या तासाचा थांबा, आणि तीच गाडी घेऊन परत. ती बराच वेळ त्या अर्ध्या तासावर बोट ठेवून होती.

"अरे, अर्धा तास आहे मला तिथे."

"मग?"

"मग काय मग? तुम्ही दोघं गाडीत बसून या. डब्यात. तिकीट काढून. तिथे उतरले की मी पाजते हिला. येताना ही झोपेल."

शिंप्याच्या अंगावर काटाच आला, पण आनंदाचा. लेकीचा पहिला प्रवास, आणि गाडी चालवणार तिची आई! त्याने त्याच क्षणी शिवणाचं मशीन उघडलं. कोटाच्या जाड अस्तराची त्याने भिंगरीला छातीशी बांधायची झोळी शिवली, आणि हात थांबेना म्हणून झोळीला खिसेही लावले. लंगोटांचा खिसा, टोपीचा खिसा, खुळखुळ्याचा खिसा, गाजराच्या डबीचा खिसा, आणि एक गार राहणारा, दुधाच्या बाटलीसाठी.

"ती घेणार नाही बाटली," बायको म्हणाली.

"असू दे. खिसा मोकळा दिसतो."

सोमवारी बायको पहाटेच गेली. शिंपी साडेसातला निघणार होता. सात अठ्ठावीसला भिंगरीने लंगोट भरला. सात छत्तीसला दुसरा. पावणेआठला शिंपी जिना उतरला आणि तळाला पोचल्यावर त्याला कळलं की पायात दोन वेगवेगळ्या चपला आहेत. तो तसाच धावला. रस्ता ओलांडताना, वळणावर, पुलाच्या पायऱ्या चढताना भिंगरी छातीवर उसळत होती आणि प्रत्येक उसळीला "ह्या! ह्या!" करून बापाला हाकत होती.

फलाटावर पोचला तेव्हा हिरवा बावटा वर गेलेला. पहिल्या डब्यात, इंजिनाला लागून बसायचं ठरलं होतं. ते राहिलं बाजूला. शेवटच्या डब्याच्या दारातून एक जाडजूड हात बाहेर आला आणि त्याने शिंप्याला दंडाला धरून आत ओढलं.

"या जावईबापू," गार्ड म्हणाला. पिकलेल्या मिशांचा हा गार्ड बायकोबरोबर अकरा वर्षं गाडीवर होता. साऱ्या लाइनीवर तिला आपली पोरगी मानत, आणि त्या नात्याने शिंपी अख्ख्या रेल्वेचा जावई. "आणि या कोण? या तर साहेबीण दिसतात."

गाडी हलली. भिंगरी एकदम गप्प झाली.

शिंप्याने सात महिन्यांत तिला अशी गप्प कधी पाहिली नव्हती. डोळे वाटोळे, ओठांचा चंबू. खिडकीबाहेर खांब गेला, तिची मान गेली. दुसरा गेला, पुन्हा मान. मग भिंती, वाळत घातलेल्या चादरी, एक कुत्रा, आणि मग सगळंच भराभर पळायला लागलं तशी तिने दोन्ही हातांनी खिडकीचा गज धरला आणि आनंदाने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या बाईंच्या मांडीवरचं विणकाम खाली पडलं.

"कोण चालवतंय गाडी माहितेय का?" शिंप्याने त्या बाईंना विचारलं. त्यांना माहीत नव्हतं. दहा मिनिटांत डब्यातल्या सगळ्यांना माहीत झालं.

बोगदा आला. अंधारात भोंगा घुमला, आणि शिंप्याला छातीशी काहीतरी गदगदताना जाणवलं. पोर घाबरली, असं वाटून त्याने तिला घट्ट धरलं. उजेड आला तेव्हा बघतो तर भिंगरी हसत होती. नुसतं हसू नव्हतं ते, पोट धरून हसणं असतं तसं, श्वास अडकेपर्यंत. असं ती आयुष्यात पहिल्यांदा हसली होती. शिंपीही हसायला लागला, विणकामवाल्या बाई हसल्या, गार्डाच्या मिशा हलल्या.

पुढे तासभर सगळं सुरळीत होतं. मग घाटाच्या मधोमध गाडी थांबली.

रुळावर झाडाची मोठी फांदी आडवी झाली होती. गार्ड कुऱ्हाड घेऊन उतरला, बायको इंजिनातून उतरली, चार प्रवासी उतरले. शिंप्याने खिडकीतून पाहिलं. लांब वळणावर बायको बाह्या सरसावून फांदी ओढत होती. तिने एकदा या डब्याकडे पाहिलं, पण एवढ्या अंतरावरून तिला काय दिसणार?

फांदी निघेपर्यंत पंधरा मिनिटं गेली. आणि गाडी थांबणं भिंगरीला मुळीच पटलं नव्हतं. खांब पळेनात, चादरी पळेनात. तेवढ्यात तिला आठवलं की आपल्याला भूक लागली आहे.

आधी कुरकुर झाली. मग सूर लागला. शिंप्याने खुळखुळा काढला, टोपी काढली, गाजर काढलं. गाजर शर्टावर आलं. बाटली काढली, तर भिंगरीने ती हाताच्या एका फटकाऱ्यात बाकाखाली धाडली. शिंप्याने ती उचलून परत खिशात कोंबली. गाडी सुटली तरी रडणं थांबेना. डब्यातून सल्ले यायला लागले. उभी धरा, आडवी धरा, पाठ चोळा, पाय चोळा, गाणं म्हणा. शिंप्याने गाणं म्हटलं. मग गाणं नको असाही सल्ला आला.

गार्डाने वॉकीटॉकी तोंडाशी धरली. "ड्रायव्हरबाई, मागे सगळं ठीक. फक्त साहेबीण भुकेल्या आहेत."

खरखर झाली. मग बायकोचा आवाज. "फार?"

गार्डाने यंत्र भिंगरीसमोर धरलं, बटण दाबलं आणि सोडलं.

पुन्हा खरखर. "कळलं," बायको म्हणाली. पुढे ती बरंच काही बोलली, पण भिंगरीचा सूर टिपेला गेला होता. गार्ड शिंप्याच्या कानाशी ओरडून काहीतरी सांगत होता आणि शिंपी जोरजोरात मान हलवत होता. त्यातलं त्याला एक अक्षर कळलं नव्हतं.

दहा पंचवीसला पोचायची गाडी दहा चाळीसला शेवटच्या स्टेशनात शिरली. सुटायची वेळ दहा पंचावन्न. पंधरा मिनिटं! गाडी पुरती थांबायच्या आत शिंपी दाराशी उभा, आणि थांबल्याबरोबर फलाटावर उडी. इंजिन चार डबे पुढे. तो सुटला. एका पायात काळी चप्पल, एका पायात तांबडी, छातीवर बोंब मारणारी भिंगरी. पेट्या, सामानाची गाडी, दोन म्हातारे यांना वळसे घालत तो पहिल्या डब्याच्या टोकाला पोचला.

तिथे इंजिन नव्हतं. नुसते रूळ होते.

आता ही गोष्ट शिंप्याने आजवर निदान चाळीस गिऱ्हाइकांना समजावून सांगितली होती. शेवटच्या स्टेशनात गाडी फिरत नाही. इंजिन सुटतं, शेजारच्या रुळावरून मागे जातं आणि शेपटाला जोडलं जातं. शेपूट होतं तोंड. हे सगळं त्याला पाठ होतं. पण ऐन वेळी ते डोक्यातून पार धुऊन गेलं, आणि तो त्या मोकळ्या रुळांकडे बघत उभा राहिला.

शेजारून धडधड आली. मधल्या रुळावरून इंजिन मागच्या दिशेला चाललं होतं आणि खिडकीतून कमरेपर्यंत बाहेर आलेली त्याची बायको दोन्ही हात हलवत होती.

"अरे मागे! मागे जा! तिथेच थांब म्हटलं होतं ना!"

शिंपी वळला. आणि आता डब्यांच्या खिडक्यांत परतीचे प्रवासी येऊन बसले होते, आलेलेही अर्धे फलाटावरच होते, आणि गार्डाकडून सगळ्यांना सगळं कळलं होतं. "मागे, मागे!" विणकामवाल्या बाई सुई उगारून ओरडल्या. "बाजूला व्हा, बाळ आलं!" कुणीतरी सामानाची गाडी ओढून वाट केली. पलीकडे इंजिन, अलीकडे शिंपी, दोघं एकाच दिशेला. तिसऱ्या डब्यापाशी काळी चप्पल पायातून निसटली. तो थांबला नाही. भिंगरी रडायची थांबली होती आणि पुन्हा "ह्या! ह्या!" करत होती.

इंजिन जोडलं जाऊन बायको खाली उतरली तेव्हा शिंपी फलाटाच्या टोकाच्या बाकाशी धापा टाकत उभा होता. त्याने नुसती झोळी पुढे केली.

"किती वेळ आहे?" शेवटी तो म्हणाला.

"ब्रेकची तपासणी गार्डकाका बघतात. सहा मिनिटं." बायको बाकावर बसली, अंगावर जाकीट घेतलं, आणि फलाटावर एकदम शांतता झाली. भिंगरीचे घुटके तेवढे ऐकू येत होते. बायकोच्या हाताला ग्रीस होतं, केसांत झाडाची पानं, डोळ्यांत पाणी.

"हसली ती बोगद्यात," शिंपी म्हणाला. "पोट धरून हसली. तू भोंगा दिलास ना, तेव्हा."

"खोटं!"

"अख्खा डबा साक्षीला आहे."

बायको हसली आणि रडली, दोन्ही एकदम. "आणि मी तिकडे पुढे एकटी. मला वाटलं घाबरली असेल."

सहावं मिनिट संपलं. भिंगरीचं संपलं नव्हतं. स्टेशनमास्तर बावटा पाठीमागे लपवून, दुसरीकडे बघत उभे होते, पण घड्याळ कुणाला लपवता येतं? बायकोने भिंगरीला सोडवून शिंप्याकडे दिलं. भिंगरीने ओठ काढला. बायकोने तो पाहिला, पाठ फिरवली आणि इंजिनाची शिडी चढली. वेळेत सुटणं हे तिचं काम होतं, आणि ते ती कुणासाठी मोडणारी नव्हती. शिंप्याला तिचा त्या क्षणी जेवढा अभिमान वाटला तेवढा कुठल्याच गिऱ्हाइकाला सांगता आला नसता.

गार्डाचा डबा आता दुसऱ्या टोकाला होता. कुणीतरी उचलून आणलेली काळी चप्पल हातात घेऊन शिंपी तिथे गेला. गाडी सुटली. भिंगरी अर्धपोटी. कुरकुर पुन्हा सुरू.

गार्डाने थर्मास उघडला, झाकणात चहा ओतला आणि पहिला घोट घेतला. कुरकुर थांबली. भिंगरीने त्या चकचकीत झाकणावर नजर लावली. झाकण गार्डाच्या तोंडाशी गेलं, तिची नजर गेली. खाली आलं, नजर खाली. मग तिने दोन्ही हात पसरले आणि हुकूम सोडला. "ह्या!"

शिंपी गार्डाकडे वळला.

"काका, धुता येईल हे?"

गार्डाने चहा खिडकीबाहेर फेकला. किटलीत त्याच्याकडे उकळलेलं पाणी होतं. झाकण एकदा विसळलं, दोनदा विसळलं, थंड केलं. शिंप्याने बाटलीतलं दूध त्यात दोन बोटं ओतलं आणि श्वास रोखून पुढे केलं. भिंगरीने झाकण दोन्ही हातांनी पकडलं, नाक आत बुडवलं आणि प्यायली. निम्मं हनुवटीवरून झोळीत गेलं, पण निम्मं पोटात गेलं. संपल्यावर तिने झाकण आपटलं. अजून हवं होतं!

बाटली रिकामी होईपर्यंत हेच चाललं. मग गार्डाने वॉकीटॉकी शिंप्याला दिली. "तुम्हीच सांगा, जावईबापू. हे माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"ऐकतेस?" शिंपी म्हणाला. "प्यायली. चहाच्या झाकणातून. बाटलीतलं सगळं प्यायली!"

खरखर झाली. "नियमाप्रमाणे मला गाडी चालवताना असलं काही सांगायचं नाही," बायको म्हणाली. "पुन्हा सांग."

दुसऱ्या दिवसापासून भिंगरी आजीजवळ राहिली आणि तशाच एका स्टीलच्या झाकणातून दूध प्यायला लागली. "सांगत नव्हते मी?" आजी म्हणाली.

पुढच्या सुट्टीला मात्र तिघं जण पुन्हा त्या गाडीत बसले, या वेळी नुसते प्रवासी म्हणून. बायको इतकी वर्षं त्या लाइनीवर होती, पण डब्यात बसून कधी गेली नव्हती. तिला खिडकी मिळाली. ती अख्खा रस्ताभर पुढच्या ड्रायव्हरच्या ब्रेकला नावं ठेवत होती. "किती उशिरा लावला बघ! काय घाई आहे याला?" भिंगरी तिच्या मांडीवर उभी राहून उड्या मारत होती, आणि शिंपी शेजारच्या अनोळखी माणसाकडे झुकून विचारत होता, "या कोण आहेत माहितेय का तुम्हाला?"