कुरकुरत्या काट्याची कैफियत

मी एक जुना काटा आहे. घड्याळाचा नव्हे, त्या काट्यांकडे लोक दिवसातून चाळीसदा बघतात. मी मडच्या टाकीचा काटा. मड म्हणजे काय, हे तुम्हांला कुणी सांगितलं नसेल, कारण तेलाच्या जाहिरातींत ते दाखवत नाहीत.

मित्रांनो, समुद्राच्या तळाला भोक पाडून तेल किंवा वायू शोधायचा, तर नळीतून सतत एक जड, राखाडी गाळ खाली सोडावा लागतो. त्यालाच मड म्हणतात. ते खाली जातं, खडकाचा भुगा घेऊन वर येतं, टाकीत पडतं आणि पुन्हा खाली जातं. जेवढं गेलं तेवढंच परत यायला हवं. जास्त आलं, तर समजायचं की खालून वायू त्याला ढकलतो आहे. वेळीच विहिरीचं तोंड बंद केलं नाही, तर मडच्या मागोमाग वायू वर येतो आणि मग एक ठिणगी पुरते. आमच्या रिगवर, म्हणजे समुद्रात खोदकामासाठी उभ्या केलेल्या त्या लोखंडी फलाटावर, साठ माणसं राहत होती.

माझं काम एवढंच. टाकीत पत्र्याचा गोळा तरंगायचा, त्याची तार कप्पीवरून भिंतीवर उतरायची आणि तिच्या टोकाला मी लोंबायचो. मड वाढलं की मी खाली, घटलं की मी वर. मध्यंतरी माझ्या जागी संगणकाचं यंत्र बसवून मला नारळ दिला. खाऱ्या हवेत ते सहा महिन्यांत आंधळं झालं. "दुसरं मागवलंय, तोवर हा असू दे," म्हणून मला परत टांगलं. मागवून तीन वर्षं झाली होती.

माझी कप्पी कुरकुरायची. सगळी रिग तेलासाठी समुद्राचा तळ पोखरत होती, पण माझ्या कप्पीला थेंबभर तेल कुणी घालत नव्हतं. हा निष्काळजीपणा नव्हता, मामांचा हुकूम होता. मामा म्हणजे मडचं वजन आणि दाटपणा सांभाळणारे. त्यांचा जावई त्याच रिगवर ड्रिलर होता. विहिरीची सगळी सूत्रं त्याच्या हातात. तो सासऱ्यांना मामा म्हणायचा, म्हणून सगळी रिग म्हणायची. मामा माझ्याकडे पाठ करून काम करत. "सारखं बघत कोण बसणार? कुरकुरला की कळतं, पातळी हलली." ते स्वतःही दिवसभर कुरकुरत. चहा पाणचट, गादी पातळ, जावई घाईचा. आमचं बरं जमायचं.

एकदा मोठ्या लाटेने टाकी हिंदकळली, मी कोकललो आणि मामांनी विहीर बंद करवली. खाली काहीच नव्हतं. पाच तास फुकट गेले. व्यवस्थापकांनी मामांना पत्र दिलं: पुन्हा खोटी हाकाटी केलीत, तर पुढच्या हेलिकॉप्टरने घरी. निवृत्तीला तेव्हा आठ महिने उरले होते.

नऊ विहिरी कोरड्या गेल्या. कार्यालयातल्या नकाशांवर तेल फार सुरेख रंगांत दिसायचं. खाली पाणी निघायचं. दहावी शेवटची. तीही कोरडी गेली, तर रिग भंगारात. ती खोदत असतानाच मोठे साहेब पाहणीला येणार असल्याचं कळलं. साहेब येणार म्हणजे रंग आला. जे गंजलंय ते रंगवा, असा आदेश निघाला. रंगारी सज्जन होता. त्याने कठडे रंगवले, शिड्या रंगवल्या, बादल्या रंगवल्या आणि मला, तारेला, कप्पीलाही पिवळ्या रंगाचे दोन हात दिले. साहेब आले, टाकीपाशी नाक दाबून उभे राहिले आणि म्हणाले, "हे छान ठेवलंय." आयुष्यातलं माझं पहिलं कौतुक. ते ऐकेपर्यंत रंग वाळून तार कप्पीला चिकटली होती.

साहेबांना न्यायला आलेल्या हेलिकॉप्टरनेच मामा सुट्टीवरून परतले. माझ्याकडे बघून म्हणाले, "नवरदेव झालास की रे," आणि पाठ करून कामाला लागले.

खाली मड वाढत होतं. माझा गोळा वर चढत होता, त्याच्या बाजूची तार सैल पडत होती. मी मात्र योग्य आकड्यावर, पिवळाधमक, निश्चल. इतकं नीटनेटकं खोटं मी कधी बोललो नव्हतो. मामांनी चहा घेतला, पण त्याला नावं ठेवली नाहीत. त्यांचं लक्ष लागत नव्हतं. शेवटी ते उठले. "हा गप्प कसा?" म्हणत त्यांनी कप्पीवर एक थाप मारली. रंग तडकला आणि मी वीतभर खाली आलो.

मामांनी फोन उचलला. "जावईबापू, पंप थांबवा."

"काटा कुरकुरला का?"

"कुरकुरला नाही, तेच तर. आता एकदम वीतभर उतरलाय."

"अहो मामा, अडकला असेल, सुटला असेल. साहेबांचं हेलिकॉप्टर अजून दिसतंय मला. शेवटची विहीर आहे, आणि तुमचं ते पत्र…"

"पत्राचं माझं मी बघतो. पोरीला काय सांगू, तुझा नवरा घाईत होता म्हणून?"

मग पंप थांबला. पंप थांबला की टाकीत पडणारी मडची धारही थांबते. ती थांबली नाही. पडतच राहिली.

जावयाने विहिरीच्या तोंडावरची झडप आवळली. भोंगा झाला, माणसं होड्यांपाशी जाऊन उभी राहिली. वायूला खाली दाबून धरायला मामा रात्रभर जड मड कालवत होते. सकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा साठच्या साठ होते. मामा म्हणाले, भात कच्चा आहे.

अहवालात लिहिलं होतं: 'दक्ष यंत्रणेमुळे अनर्थ टळला.' सोबत माझ्याशेजारी नाक दाबून उभ्या असलेल्या साहेबांचा फोटो. वायू सापडला म्हणून केक कापला गेला. मग हिशेब निघाला की खोली फार, किनारा लांब, एवढासा वायू आणणं परवडत नाही. भोक सिमेंटने बुजवलं, रिग भंगारात निघाली. शोध लागला आणि नोकऱ्या गेल्या, एकाच महिन्यात.

भंगारातून जावयाने मला उचलून आणलं. आता मी मामांच्या गच्चीवर पाण्याची पातळी दाखवतो. लेक म्हणते, "बाबा, त्याला जरा तेल घाला ना." मामा म्हणतात, "असू दे." खाली खुर्चीत बसून तेही दिवसभर कुरकुरतात. घरात कुणी फारसं ऐकत नाही.

परवा मात्र बराच वेळ त्यांचा आवाज आला नाही. लेक हातातलं काम टाकून धावत बाहेर आली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मामांना डुलकी लागली होती. डोळे उघडून ते म्हणाले, "चहा गार झालाय." ती चहा गरम करायला गेली.

मित्रांनो, मी आता थकलो आहे, मला रंग नको. तेवढं कौतुक पुरे झालं. तुमच्याही घरात कुणी कुरकुरणारं असेल, तर खुशाल कानाडोळा करा. पण ते गप्प झालं, की एकदा जवळ जाऊन हात लावून बघा.