वीस फुटांत चार इंच

"टेप गुंडाळा आता," आजी म्हणाली. "तिसऱ्यांदा मोजताय. मोजून खोली वाढत नाही."

"मावशी, लोकांना डोक्यावर छप्पर नाही आणि तुम्ही धुण्याच्या दगडासाठी भांडताय?" घरबांधणी खात्याचा इंजिनिअर वैतागला. "नवं धोरण आलंय. सामाईक जागा मोकळी ठेवायची नाही. इथं दोन घरं बसतात. तुमची सही द्या, घरी माझं तान्हं बाळ आहे, मला लवकर निघायचंय."

"घरं बसतील हो. माणसांचं काय?"

हे सगळं माझ्या पोटात चाललं होतं आणि मला कुणी विचारत नव्हतं. मी या इमारतीची तळमजल्यावरची धुण्याची खोली. आज बोलणार आहे, आणि गोड बोलणार नाही.

माझा जन्मच एका नियमातून झाला. कामगारांच्या दर चाळीस घरांमागे धुण्याची एक खोली हवी, असं तेव्हाच्या सरकारला वाटलं. माझी जमीन घातली ती याच आजीने. तेव्हा ती घमेली वाहायची. "बाईच्या हातात थापी शोभत नाही," मिस्त्री म्हणाला. तिने थापी उचलली. नळीत पाणी भरून पातळी धरली आणि वीस फुटांत चार इंचांचा उतार काढला, थेट कोपऱ्यातल्या मोरीच्या भोकापर्यंत. मिस्त्रीने बादली ओतून पाहिली. जमिनीवर पाणी म्हणून राहिलं नाही. तेव्हापासून सगळे तिला ओळंबा, म्हणजे गवंड्याचं न चुकणारं माप, म्हणू लागले. बांधणाऱ्यांनाही घर द्यायचं, असा तेव्हा नियम होता. म्हणून ती इथलीच झाली. अक्षरं शिकली ती माझ्या भिंतीवर डकवलेल्या सरकारी नोटिसा वाचून. तिला वाचायला कधी काही कमी पडलं नाही.

कारण सरकार बदललं. नवी नोटीस आली: घरोघरी स्वतंत्र मोरी. ही मोरी म्हणजे ओट्याशेजारचा दोन फुटांचा कोपरा. तिथं बाई बसली तर बादली बाहेर, बादली ठेवली तर बाई बाहेर. माझे नळ मात्र तोडून नेले. तरी बायका वरून पाणी वाहून आणायच्या आणि गोधड्या माझ्याच दगडावर आपटायच्या.

पुढची नोटीस: मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा. मोरीचं भोक सिमेंटने बुजवलं आणि एका बस कंडक्टरच्या कुटुंबाला माझ्यात आणून ठेवलं. नकाशात खाट त्याच कोपऱ्यात होती, म्हणून खाट तिथंच लागली. चारही मजल्यांचं सांडपाणी त्या कोपऱ्याखालून जातं. तो सांडपाण्याचा पाइप तुंबला की पाणी सिमेंट फोडून वर यायचं आणि खाटेखाली साचायचं. त्यांच्या धाकट्या पोरीची छाती दोन हिवाळ्यांत दम्याने कायमची खराब झाली. सामान उचलताना तिच्या आईने माझ्याकडे वळूनही पाहिलं नाही. तिचं चुकलं नाही. पण मला उतार दिला होता तो पाणी घालवायला. पोर निजवायला नव्हे. या नोटिसा लिहिणाऱ्यांपैकी एकानेही कधी माझ्या जमिनीवर पाय ठेवला नव्हता.

मग वारं पुन्हा फिरलं. रहिवाशांनी एकत्र यावं, म्हणून मी पुन्हा सगळ्यांची, असं आता ठरलं. साहेब आले, फीत कापली, फोटो काढले, गेले. बुजलेलं भोक आजीने छिन्नी घेऊन स्वतः मोकळं केलं.

आणि आता हा इंजिनिअर. त्याने नकाशा दगडावर पसरला. आजीने चष्मा लावला.

"हा जुनाच आहे."

"नवीन आहे, मावशी. तारीख बघा."

"तारीख नवी. हा चहाचा डाग कंडक्टरचं बिऱ्हाड आणलं तेव्हाही इथंच होता. झेरॉक्स काढून काढून काळा पडलाय बिचारा."

इंजिनिअर डागाकडे बघत राहिला. खाट त्याच कोपऱ्यात. भोक नाही. उतार तर नाहीच.

"रहिवासी समितीच्या प्रमुख तुम्ही," तो जरा नरमून म्हणाला. "ज्यांना घर मिळेल त्यांचा तरी विचार करा."

"त्यांचाच करतेय. मागच्या आवारात बांधा. चार बसतील, आणि कोरडी."

"तिथं गाड्या लावायची जागा आहे. तसा नियम आहे."

"म्हणजे गाडीला कोरडं आणि पोरांना मोरी."

आजीने बायकांनी भरून ठेवलेली बादली ओढली. खांद्यावरचं फडकं पिळून भोकात घट्ट कोंबलं. "तुमच्या नकाशात भोक नाही, तर इथंही नको." मग बादली त्याच्या पायाशी ठेवली.

पाणी कुठं जाऊन थांबतं, हे माझी जमीन पन्नास वर्षं एक शब्द न बोलता सांगत आली होती. त्याने बादलीला हात लावला नाही. नकाशाची गुंडाळी केली, टेप खिशात घातला. सहीचा कागद अजून तिथंच, ओल्या दगडाला चिकटलेला आहे. त्याला परत पाठवलं ते आजीच्या एका वाक्याने, आणि ती ते आवाज न चढवता म्हणाली:

"हे पाणी ओता साहेब, जिथं जाऊन थांबेल तिथं तुमच्या तान्ह्याला एक रात्र निजवा, सकाळी मी सही करते."